हप्तेवाली गोळी

राजूदादाचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात व्हाउचर तपासत बसले होते. "आई गेली," एवढंच तो म्हणाला. सकाळी चहा पिता पिता आतेचा एक हात लुळा पडला, ती भिंतीला टेकली ती टेकलीच, आणि रिक्षातून दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं… हे त्याने नंतर सांगितलं. त्याआधी मी जे बोलले ते आठवलं की अजून माझं मलाच नवल वाटतं. मी विचारलं, "आणि निकाल?"  मग दादा म्हणाला, "कसला निकाल, शुभा? आई गेली म्हणतोय मी."

या गोष्टीला आता काही आठवडे झाले. प्रश्न वाईट वेळी विचारला हे खरं, पण तो चुकीचा होता असं मला आजही वाटत नाही. ठाण्याच्या ग्राहक आयोगात आतेचा दावा निकालासाठी राखून ठेवलेला होता. दावा होता मामांच्या, म्हणजे आतेच्या नवऱ्याच्या, मृत्यूचा. गोळी लिहून देणारा डॉक्टर आणि ती विकणारा औषधवाला, या दोघांविरुद्ध चौथी शिकलेल्या बाईने लावलेला. त्या निकालात तिला एकच गोष्ट हवी होती. आपल्या नवऱ्याला आपण मारलेलं नाही, हे कुणीतरी अधिकाराच्या माणसाने लिहून द्यावं. ते लिहून यायच्या आधीच ती गेली.

सुनंदा आते माझ्या वडिलांची धाकटी बहीण. आमचं गाव मंडणगडकडचं. गावच्या शाळेत दहावीपर्यंत वर्ग होते आणि पुढे मुलींनी काय करायचं हा प्रश्न कुणाला पडत नसे. माझा दहावीचा निकाल लागला तेव्हा आते गावी आलेली होती. अंगणात बसून वडिलांना म्हणाली, "दादा, पोरीला माझ्याबरोबर धाड. माझ्याकडं जागा नाय, पन कॉलेज हाय." जागा खरंच नव्हती. मीरा रोडला हाटकेशमधली एक खोली आणि स्वयंपाकघर, त्यात आते, मामा, राजूदादा आणि त्यात मी. आते घरी बसून खोट्या दागिन्यांचे मणी ओवायचं काम करायची. मी अभ्यासाला बसले की ती मण्यांचं ताट घेऊन बाहेर जिन्यात जाऊन बसे, कारण मणी ताटात पडताना आवाज होतो आणि पोरीचं ध्यान मोडतं. आमच्या घराण्यात पदवी घेतलेली मी पहिली. ती पदवी त्या जिन्यात बसून कुणी मिळवली हे मला पक्कं ठाऊक आहे.

मी पदवीधर झाले तेव्हा तिला कोण आनंद! ती ग्रॅज्युएट म्हणत नसे, 'पंधरावी' म्हणे. शेजारच्या हंसाबेनना तिने मोठ्या थाटात सांगितलं, "ये मेरे भाई की लडकी. पंधरावी है." हंसाबेन माझ्याकडे बघतच राहिल्या. म्हणाल्या, "पंद्रहवी? अरे बाप रे, भाई को कितने बच्चे हैं?" आम्ही हसून हसून लोळलो. मामा तर पुढे कित्येक दिवस मला 'पंधरावी' म्हणूनच हाक मारत. त्या वस्तीत रोज असंच चालायचं. गुजराती बाई हिंदीत बोलणार, आते मराठीत ऐकणार, उत्तर तिसऱ्याच भाषेत जाणार आणि काम मात्र होऊन जाणार. चुकलं तर हसायचं. चुकीने कुणाचं काही बिघडत नाही, अशीच आमची समजूत होती.

आतेच्या नवऱ्याला आमच्याकडे मामा म्हणतात. यशवंतमामा भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशचं काम करायचे. आयुष्यभर दुसऱ्यांची ताटं-तांबे चकचकीत करून त्यांच्या बोटांचे सांधे सुजू लागले. सकाळी शर्टाची बटणं लावता येईनात. "अगो, बटनं लाव," म्हणत ते आतेपुढे उभे राहत आणि ती लावत असताना चिडवत, "लग्नात नाय लावलीस ती आता लाव." तोपर्यंत माझं लग्न होऊन मी भाईंदर पश्चिमेला राहायला गेले होते. कुणीतरी स्टेशनजवळच्या एका डॉक्टरचं नाव सांगितलं, हाताला गुण असलेला म्हणून. बाहेर बाकांवर गर्दी, आत घंटी वाजली की पुढचा. मामा खुर्चीवर बसले, आते मागे उभी राहिली. डॉक्टरने बोटं दाबून पाहिली, चिठ्ठी लिहिली आणि एका दमात सांगितलं, "ये हफ्तेवाली गोली है. एक-एक लेना, महीना भर. फिर दिखाना." आणि घंटी वाजवली.

ही तीन वाक्यं मी आतेच्या तोंडून इतक्या वेळा ऐकली आहेत की मी स्वतः तिथे उभी होते असं मला वाटतं. डॉक्टरला म्हणायचं होतं की ही आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी आहे. आतेला कळलं ते असं की एक-एक गोळी घ्यायची, महिनाभर. सगळी औषधं घेतात तशीच, रोज. मधल्या 'हफ्तेवाली' या शब्दाचं काय करायचं ते आते-मामा दोघांनाही कळलं नाही. आमच्या गावाकडे आठवड्याला आठवडाच म्हणतात. हप्ता असतो तो टीव्हीचा, फ्रीजचा. खाली औषधवाल्याने तीन पाकिटं हातात दिली आणि तिन्हींवर एकेक उभी रेघ ओढून 'सुबह' म्हणाला. स्ट्रिप कापून देत नाही म्हणून त्याने या गोळ्यांची अख्खी स्ट्रिपच दिली. चारच गोळ्या दिल्या असत्या तर आतेला निदान कोडं पडलं असतं, महिनाभराला चारच कशा… कोडं पडायलाच कुणी जागा ठेवली नाही.

दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना मामा म्हणाले, "अगो सुनंदा, टीव्हीचा हप्ता फिटला नाय तवर गोळीचा हप्ता सुरू झाला बघ." दोघंही हसली. मग तो रोजचा विनोदच झाला. सकाळी चहा झाला की मामा हात पुढे करत, "आन, आजचा हप्ता दे." आते त्या तळहातावर पिवळी गोळी ठेवी. काही दिवसांनी त्यांच्या तोंडात फोड आले, पेजसुद्धा गिळवेना. आतेला वाटलं उष्णता झाली असेल, तिने सब्जा भिजवून दिला. मग ताप आला. अंगावर न लागता न पडता काळेनिळे डाग उठले. तोंडाने बोलता येत नव्हतं तरी मामा हात पुढे करायचे, आणि आते गोळी ठेवायची. औषध चुकवायचं नसतं, एवढं तिला पक्कं शिकवलेलं होतं.

मुंबईच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलात एका तरुण डॉक्टरणीने आतेच्या पिशवीतली पाकिटं टेबलावर ओतली. मी तिथे होते. ती स्ट्रिप उचलून तिने विचारलं, "मावशी, ही रोज दिलीत?" आते म्हणाली, "व्हय. एक दिवस चुकवली नाय." डॉक्टरणीने स्ट्रिप खाली ठेवली. मग अगदी हलक्या आवाजात म्हणाली, "ही आठवड्याची गोळी आहे, मावशी. आठवड्यातून एकदाच. रोज घेतली की रक्त तयार होणंच बंद पडतं." आतेने तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि तो एकच शब्द उच्चारला, "आठवड्याची?" … पुढे ती मला नेहमी म्हणायची, "बाय, तो शब्द मी त्या दिवशी पयल्यांदा ऐकला. आदी कुनी बोलला असता तर हे आज बसले असते की नाय इथं?" मामा त्यानंतर फार दिवस राहिले नाहीत.

माणूस गेल्यावर लोक सांत्वनाला येतात असं मी समजत होते. ते चौकशीलाही येतात. दहाव्याच्या दिवशी गावाकडची एक नातेवाईक बाई माझ्यासमोर आतेला म्हणाली, "द्यायच्या आदी कुनाला तरी वाचायला द्यायची गो. घरात पंधरावी झालेली पोर हाय." दुसरी म्हणाली, "जाऊ दे, तिच्या हातून व्हायचं होतं." हे 'तिच्या हातून' त्या दिवसापासून आतेला चिकटलं. माया करणारेही तेच म्हणत, फक्त डोक्यावरून हात फिरवून म्हणत.

आते आधी कोर्टात गेली नाही, डॉक्टरकडेच गेली. मी सोबत होते. बाकावर नंबर लावून ती आत गेली आणि हात जोडून म्हणाली, "डॉक्टरसाहेब, तुम्ही काय बोललेत ते फक्त एकदा सांगा." डॉक्टर म्हणाला, "मैंने तो हफ्ते में एक बोला था. आपने ठीक से सुना नहीं." आते म्हणाली, "नाय साहेब. हफ्तेवाली म्हटलंत." तो म्हणाला, "वही तो!" आणि घंटी वाजवली. बाहेर आल्यावर ती फूटपाथवरच उभी राहिली. रडली नाही. म्हणाली, "बाय, ह्यान काय सांगितलान ते आता कुठंतरी लिहून घ्यायचं. कुठं लिहून देतात ते बघ."

असे आम्ही ठाण्याच्या वकीलबाईंकडे पोहोचलो. बाई सरळ होत्या. हॉस्पिटलच्या केसपेपरवर औषधाच्या विषबाधेचा स्पष्ट उल्लेख आहे, त्यामुळे दाव्यात दम आहे, पण वेळ लागेल, असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. नोटिसा गेल्या, दावा दाखल झाला. कागदावर आते 'तक्रारदार' आणि डॉक्टर, औषधवाला हे 'सामनेवाले'. आतेने विचारलं, "सामनेवाले म्हंजे? समोरच्या बिल्डिंगीतले?" वकीलबाईसुद्धा हसल्या. आतेही हसली, मामा गेल्यानंतर बहुधा पहिल्यांदाच.

मग सामनेवाल्यांचा लेखी जबाब आला, इंग्रजीत. तो मी तिला वाचून दाखवला, तिच्या स्वयंपाकघरात फरशीवर बसून. माझं इंग्रजी गावच्या सरांनी घोकून घेतलेलं, पुढे कॉलेजात धडपडून कमावलेलं. मी एकेक वाक्य वाचायचे आणि मराठीत सांगायचे. औषध योग्य असल्याचं सांगितलं गेलं. घेण्याची पद्धत समजावली गेली. चिठ्ठीप्रमाणे औषध पुरवलं गेलं. आते मान हलवत ऐकत होती. मध्येच तिने थांबवलं. "कोनी?" "काय कोणी?" "समजावली गेली म्हनतेस. कोनी समजावलान?" मी कागद पुन्हा पाहिला. कुणी ते लिहिलेलंच नव्हतं. आमच्या बोलीत 'सांगितलान' म्हटलं की सांगणारा त्या क्रियापदातच बसलेला असतो. 'दिलान' म्हटलं की देणारा. त्याला बाहेर काढता येत नाही. त्या जबाबात मात्र पानंच्या पानं सगळं आपोआप घडत होतं, करणारा कुठेच नव्हता. करणारी अशी एकच होती, शेवटच्या पानावर. मयताच्या पत्नीने निष्काळजीपणे रोज मात्रा दिली आणि त्यामुळे मृत्यू ओढवला. तेवढं एक वाक्य कर्त्यासकट होतं. मी ते जसंच्या तसं मराठीत सांगितलं. आतेने पुन्हा वाचायला लावलं. मग बराच वेळ ती हाताचा तळवा बघत बसली… आणि म्हणाली, "माझं नाव बरं सापडलं त्यांना."

त्यानंतर सुरू झाल्या तारखा. मीरा रोडहून ठाण्याची बस, घोडबंदर रस्त्यावर गायमुखपाशी तासन्‌तास उभी राहणारी. आते डब्यात घावणे घ्यायची, वकीलबाईंसाठीही वेगळे. पोहोचावं आणि कळावं की आज सामनेवाल्यांच्या वकिलांनी मुदत मागितली. कधी आयोगावर सदस्यच नेमलेला नाही, कधी डॉक्टरांच्या मंडळाचा अभिप्राय आलेला नाही. तो अभिप्राय पुढे आला तेव्हा त्यात लिहिलं होतं की औषधाची निवड बरोबर होती, रुग्णाशी संवाद अधिक स्पष्ट असता तर बरं झालं असतं. 'असता तर बरं झालं असतं'… एका माणसाच्या मरणाबद्दल शिकलेल्या माणसांनी इतकं मऊ वाक्य लिहावं! माझ्या शिक्षणाचा मला नेहमी अभिमान वाटत आला आहे. त्या दिवशी मात्र ज्या भाषेत असं वाक्य लिहिता येतं ती भाषा शिकल्याची मला चीड आली.

एकदाच आतेला आयोगासमोर उभं करून प्रश्न विचारले गेले. डॉक्टरचे वकील मराठीच होते, नम्र बोलणारे. "आजी, किती वर्षं राहताय या भागात?" "लग्न झाल्यापास्नं." "भाजीवाल्याशी कुठल्या भाषेत बोलता?" "हिंदीत." "मग हफ्ता म्हणजे काय ते तुम्हाला माहीत नाही?" आते म्हणाली, "आमच्याकडं आठवडा म्हनतात. हप्ता टीव्हीचा असतो." मागच्या बाकांवर कुणीतरी फिस्सकन हसलं आणि मग त्या खोलीतले बरेचजण हसले. वाईट मनाने नसतील हसले. घरी आम्हीही अशा गोष्टींना हसतच होतो. पण आतेचा चेहरा उतरला. वकील स्मित करून म्हणाले, "म्हणजे इतक्या वर्षांत हफ्ता समजला नाही?" आते म्हणाली, "समजतो साहेब. आता समजतो." हसणं थांबलं. वकिलांनी कागद उलटला आणि म्हणाले, "आणखी प्रश्न नाहीत."

पुढे कधीतरी समेटाचा निरोप आला. दोन्ही सामनेवाले मिळून काही रक्कम देतील, आतेने दावा मागे घ्यावा, आणि झालेला प्रकार गैरसमजातून घडला असं सही करून द्यावं. राजूदादाला ते पटलं. तो कुरिअर कंपनीत काम करतो, दिवसभर मोटारसायकलवर असतो, आईच्या तारखांसाठी रजा टाकून टाकून जेरीला आला होता. त्या संध्याकाळी मी तिथेच होते.

"आई, पप्पा परत येणारेत का त्याने?"

"नाय."

"मग कशाला ताणतेयस? घे आणि सोड ना."

"गैरसमज कुनाचा ते लिवलाय काय त्यात?"

"कुणाचा का असेना!"

"मग कुनाचा का असेना, मी सही कशाला करू? ज्याचा असेल त्यान करावी."

दादा ताडकन उठला. दारात चपला घालता घालता म्हणाला, "हट्टी आहेस तू, आई. पप्पांसमोर पण अशीच होतीस." वहिनींनी भाकरी उलटली आणि कुणाकडेच पाहिलं नाही. मला तेव्हा दादाचा राग आला होता. वाटलं, याला आईपेक्षा तारखांचा त्रास मोठा झाला. आतेने मात्र त्याला कधी बोल लावला नाही. एकदा बसमध्ये खिडकीबाहेर बघत ती म्हणाली, "बाय, निकाल लागला ना, की तो तू राजूला वाचून दाखव. मी सांगून त्याला पटायचं नाय." मी म्हटलं, "दादाला कशाला? तो तर आपल्याच बाजूचा." तिने मांडीवरचा डबा पिशवीत ठेवला. 

निकाल तिचं तेरावं उरकल्यावर लागला. वकीलबाईंनी फोन करून सांगितलं, दावा अंशतः मंजूर झाला. राजूदादाने पेढे आणले. हंसाबेन आल्या, "सुनंदाबेन को न्याय मिला," म्हणत डोळे पुसू लागल्या. दादाने मामांच्या आणि आतेच्या फोटोपुढे एकेक पेढा ठेवला. त्याने आदेशाची प्रत माझ्या हातात दिली, "तू वाच गं, तुला समजतं," म्हणून. मी खिडकीपाशी बसून पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली. डॉक्टर आणि औषधवाला, दोघांच्याही सेवेत त्रुटी होती असं आयोगाने मान्य केलं होतं. आणि त्याखाली वेगळा परिच्छेद होता. मयताच्या पत्नीनेही औषध देताना पुरेशी काळजी घेतलेली नाही, मृत्यूला तिचा निष्काळजीपणाही तितकाच कारणीभूत आहे, सबब भरपाई निम्मी करण्यात येत आहे.

मी तो परिच्छेद पुन्हा वाचला. तिला ऐकावा लागला नाही हे बरं झालं, असा विचार मनात आला आणि त्या विचाराचीही शिसारी आली. इतक्या वर्षांनी जे लिहून मिळालं ते हे! हंसाबेन गेल्यावर मी दादाला जवळ बसवलं आणि म्हटलं, "दादा, पेढे वाटलेस खरे, पण यात लिहिलंय की आतेचीही चूक होती. अर्धी चूक तिची."

 मला वाटलं तो चिडेल, निदान आयोगाला दोन शिव्या तरी घालेल. त्याने विचारलं, "अर्धीच?"

"म्हणजे?"

"अर्धीच धरली ना त्यांनी?" त्याने आदेशाची प्रत माझ्या हातातून घेतली. "मला वाटायचं, सगळी…" आणि तो थांबला. मग दोन्ही हातांत तोंड लपवून तो लहान मुलासारखा रडायला लागला, आई गेली त्या दिवशीही रडला नव्हता तसा.

तेव्हा मला आतेचं बसमधलं वाक्य कळलं. या घरात एक माणूस असा होता जो इतकी वर्षं तिच्या हातचं जेवला, तिच्या तारखांना रजा टाकून गेला, त्याबद्दल तिला कधी एका शब्दाने बोलला नाही, आणि मनात मात्र धरून बसला होता की पप्पांना आईनेच मारलं. तो समेट करा म्हणायचा तो त्रासाला कंटाळून नव्हे. आई खोटं भांडतेय असं त्याला वाटायचं आणि त्याला तिची लाज वाटायची. आणि आतेला हे माहीत होतं. तिने डॉक्टरला हरवायचा चंग बांधला होता असं आम्हा सगळ्यांना वाटलं. ती पोटच्या पोराला पटवत होती. तिच्या तोंडचं त्याला पटणार नव्हतं म्हणून ती सरकारी शिक्क्याचं आणायला घोडबंदर रस्त्याने जात राहिली. आणि शिक्क्याने तिला काय दिलं, तर अर्धं.

मी दादाला म्हटलं, अपील करू, मुदत आहे अजून. तो डोळे पुसून म्हणाला, "सोड शुभा. आई सुटली ना अर्धी तरी." अपील वारसालाच करावं लागतं. पंधरावी झालेल्या भाचीची सही तिथे चालत नाही. म्हणून हे इथे लिहिते आहे, दुसरी जागा मला ठाऊक नाही. सुनंदा आतेने तिला सांगितली तशी गोळी दिली. जे सांगितलान, ते तिने केलं. त्यात तिची चूक अर्धी नाही, पावही नाही.

वाचून, रडून माझं डोकं ठणकायला लागलं होतं. मी वहिनींकडे डोकेदुखीची गोळी मागितली. त्यांनी कपाटातून अख्खी स्ट्रिप काढली, पाण्याचा पेला भरला, दोन्ही ओट्यावर ठेवलं आणि त्या मागे सरकून उभ्या राहिल्या. मी हात पुढे केला होता, तो तसाच राहिला. "द्या ना हातात," मी म्हटलं. वहिनी म्हणाल्या, "नाही हो ताई. या घरात गोळी कुणी कुणाच्या हातावर ठेवत नाही. आईंना चालायचं नाही. पोरांना ताप आला तरी त्या औषध असं ओट्यावर ठेवायच्या, नाव वाचून घ्यायला लावायच्या आणि त्यांनाच उचलायला सांगायच्या. त्या मात्र तिकडे तोंड करून उभ्या राहायच्या." आणि हे सांगताना वहिनीसुद्धा खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

मी स्ट्रिप उलटी करून नाव वाचलं. मोठ्याने वाचलं. मग माझी गोळी मी उचलली.